चार्जर एस्पोला राहिला

लाहती स्टेशन मागे पडलं आणि हे एकदम उठून वरची बॅग खाली काढायला लागले. आधी स्वेटर बाहेर आले, मग दशम्यांचा डबा, मग औषधांची पिशवी. ते झाल्यावर माझी पर्स उपडी झाली.

"अगं, चार्जर!" हे म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. अख्ख्या डब्यात तेवढाच एक आवाज होता. कुणी वळून पाहिलं नाही, पण न पाहण्यासाठी त्या लोकांना थोडे कष्ट पडले असावेत.

कानाच्या मशीनचा चार्जर एस्पोला, म्हणजे फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या शेजारी, लेकीच्या स्वयंपाकघरात, टोस्टरशेजारच्या प्लगला लावलेला राहिला होता. निघताना "गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद" असं मी सवयीने तीनदा बघितलं. तिथे गॅसच नाही, हे लेकीने सांगूनही बघितलं. चार्जर मात्र दिसला नाही. ते मशीन एकदा चार्ज केलं की रात्री झोपेपर्यंत चालतं. आम्ही निघालो होतो चार दिवसांसाठी.

यांच्या कानांचं थोडं सांगते. पस्तीस वर्षं रेल्वेत, त्यातली बरीच पुणे-मिरज मार्गावर स्टेशन मास्तर म्हणून. नीरा, लोणंद, वाठार, पुन्हा लोणंद. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं की यांना आवाज येतो, पण गोंगाटातून शब्द वेगळा काढता येत नाही. पुण्यात आमचं घर हमरस्त्याच्या कडेला आहे, त्यामुळे शब्द वेगळा काढायची वेळ दिवसभर येते. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. पाहुण्यांना पहिल्या दिवशी भांडण चाललंय असं वाटतं, दुसऱ्या दिवसापासून तेही ओरडायला लागतात.

व्हिसाच्या वेळीसुद्धा हेच झालं. कागदपत्रांचा गठ्ठा, बँकेचं स्टेटमेंट, लेकीचं आमंत्रणपत्र, तीस हजार युरोचा प्रवासविमा असं सगळं घेऊन आम्ही बसलो, आणि आमचा नंबर पुकारला तेव्हा मी पाणी प्यायला गेले होते. यांना ऐकू आलं नाही. नंबर निघून गेला. मग दीड तास. त्यात माझ्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, जोरात दाबा." चाळीस वर्षं भांडी घासलेल्या हाताला ठसे कुठून येणार! पाचव्या खेपेला यंत्राने माझी कीव केली.

तर लेकीच्या ऑफिसात कामाची घाई होती आणि आम्ही तिच्या घरात दोन आठवडे बसून कंटाळलो होतो. तिने परस्पर आमची चार दिवसांची सोय करून टाकली: सावोनलिन्ना. पूर्व फिनलंडमधलं तीस-बत्तीस हजार वस्तीचं गाव, साइमा सरोवराच्या मधोमध, बेटांवर वसलेलं. मी म्हटलं, तिथे आम्ही दोघं म्हातारे काय करणार? ती माझ्याशी बोललीच नाही, वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, पाण्यात किल्ला आहे. आणि शेवटचा तासभर एका डब्याची गाडी आहे." तिथेच निकाल लागला.

ही एका डब्याची गाडी पारिक्काला नावाच्या स्टेशनात मिळते. हेलसिंकीहून योएन्सूकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीने कोउवोला, लाप्पेनरांता, इमात्रा करत सव्वातीन तासांत तिथे उतरायचं, आणि समोरच उभ्या असलेल्या छोट्या गाडीत चढायचं. उतरल्यावर यांनी आधी रूळ बघितले. "पाच फूट," म्हणाले. "आपला साडेपाच. सहा इंचांनी अरुंद." मग वर बघितलं. "तारा संपल्या. इथून पुढे डिझेल." हे मला नाही, सगळ्या फलाटाला सांगून झालं. फलाटावर आमच्याशिवाय चारच माणसं होती, त्यामुळे फार नुकसान झालं नाही.

गाडी म्हणजे रुळांवरची एसटीच. एकेरी मार्ग, दोन्ही बाजूंना भूर्ज आणि पाइन, मधूनच डावीकडे पाणी, मधूनच उजवीकडे, आणि पुंकाहार्यूच्या पुढे दोन्हीकडे. सप्टेंबरचा मध्य होता. भूर्जाची पानं पिवळी व्हायला लागलेली. हे खिडकीला नाक लावून बसले होते. मधल्या एका थांब्यावर एक शाळकरी मुलगा सायकल घेऊन उतरला, ड्रायव्हरने हात केला, मुलाने हात केला, आणि गाडी सुटली. शिट्टी नाही, घंटा नाही. "असं स्टेशन मला द्यायला हवं होतं," हे म्हणाले.

आमची राहायची खोली गावाबाहेर, अगदी पाण्याला लागून असलेल्या लाकडी घरात होती. घरमालकीण सत्तरीच्या आसपासची, उंच, सडपातळ. तिने दार उघडलं, "मोई" म्हणाली, खोली दाखवली, सरोवराकडे जाणारी पायवाट दाखवली, सौनाची, म्हणजे वाफेच्या आंघोळीची, खोपटी दाखवली, आणि गप्प उभी राहिली. मी बोलायला लागले. लेकीबद्दल, प्रवासाबद्दल, तुमचं घर किती छान आहे वगैरे. ती ऐकत होती आणि मधूनमधून श्वास आत ओढत "यो" असा आवाज काढत होती. मला वाटलं, बाईला दमा आहे. नंतर लेकीने फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे हुंकार देताना "हो" असं श्वास आत घेऊन म्हणायची पद्धत आहे. आपण "हं" म्हणतो तसं. म्हणजे ती बाई सगळा वेळ मला "हं, हं" करत होती आणि मी मनातल्या मनात तिला इनहेलर देत होते.

त्या रात्री साडेदहाच्या सुमारास यांच्या मशीनने टिंग टिंग केलं आणि मान टाकली.

सकाळी मी उठले तेव्हा हे अंथरुणात नव्हते. खाली गेले तर पाण्यात घातलेल्या लाकडी धक्क्यावर बसलेले. मी जवळ गेले. धुकं होतं. पलीकडचं बेट दिसत नव्हतं, नुसता त्याच्या झाडांचा शेंडा दिसत होता. मी सवयीने मोठा श्वास घेतला, ओरडायची तयारी केली, आणि काय झालं कोण जाणे, त्या पाण्याकडे बघून आवाजच फुटेना. हळूच म्हटलं, "चहा आणू?"

"आण," हे म्हणाले. तोंड पाण्याकडेच.

मी चार पावलं गेले आणि थांबले. मागे वळले. "ऐकू आलं?"

"आलं की," म्हणाले. त्यात काय एवढं, अशा आवाजात.

मग मी चाचणी घेतली. खोटं कशाला सांगू, चहा घेऊन आल्यावर त्यांच्या उजव्या बाजूला बसून वेगवेगळ्या आवाजात बोलून बघितलं. फ्रीजमध्ये दही आहे. लेकीला फोन करायचा आहे. तुमच्या स्वेटरला भोक पडलंय. सगळं कळलं. स्वेटरचं कळूनही त्यांनी दुर्लक्ष केलं, ते कानांमुळे नव्हे.

गोंगाटातून शब्द काढता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. इथे गोंगाटच नव्हता. रस्त्याची घरघर नाही, कुकर नाही, भोंगा नाही, शेजारचा टीव्ही नाही. धक्क्याखाली पाणी डुबुक करायचं तेवढंच. शिवाय इथली माणसं एका वेळी एकच बोलतात, आणि समोरच्याचं बोलून झाल्यावर मोजून दोन-तीन सेकंद थांबतात. आपल्याकडे त्या दोन सेकंदांत तीन माणसं घुसतात. घरमालकिणीचं मोडकं इंग्रजी आणि यांचं रेल्वेचं इंग्रजी यांची न्याहारीच्या टेबलावर छान जमली. मी दोनदा मधे तोंड घातलं, दोन्ही वेळा दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प ब्रेडला लोणी लावत बसले. ब्रेड राय नावाच्या धान्याचा, काळा, आंबूस. नाचणीच्या शिळ्या भाकरीची आठवण झाली, आणि मला शिळी भाकरी आवडते.

त्या टेबलावर मी एक शब्द शिकले: "नो नीन." कॉफी ओतताना नो नीन, उठताना नो नीन, पाऊस आला तरी नो नीन, पाऊस थांबला तरी नो नीन. मी तिला अर्थ विचारला. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, याला अर्थ नाही, पण याच्याशिवाय चालत नाही. मला लगेच कळलं. आपलं "बरं" आहे ते. "बरं, निघू या", "बरं, मग?", "बरं बरं, कळलं". एकच शब्द, सूर बदलला की अर्थ बदलतो. त्यानंतर तीन दिवस माझं फिनिश अस्खलित होतं.

बाजारचौक धक्क्याच्या काठावर आहे, काउप्पातोरी म्हणतात. जुलैत किल्ल्यात ऑपेरा महोत्सव असतो तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा चार-पाच टपऱ्या उघड्या, एका बाकावर दोन म्हातारे, आणि एक सीगल पक्षी, जो आमच्या ताटावर डोळा ठेवून होता. ताटात होते मुइक्कू. सरोवरातले बोटभर लांबीचे चंदेरी मासे, रायच्या पिठात घोळवून लोण्यात तळलेले, काट्यासकट खायचे. तिथली मांदेलीच. यांनी पहिला मासा शेपटीला धरून उचलला आणि सरळ तोंडात टाकला. टपरीवाली खूश झाली. फक्त त्यावर तिखट नाही, आगळ नाही; लिंबाची फोड आणि लसणाची पांढरी चटणीवजा काहीतरी. मी पिशवीतून लाल तिखटाची पुडी काढली. लेक असती तर तिने मला सरोवरात ढकललं असतं.

आणि लोर्त्सू! हा पदार्थ सावोनलिन्नाचाच. अर्धचंद्राच्या आकाराचा, पातळ पारीचा, आत सारण भरून तेलात तळलेला. म्हणजे करंजी. कुणी काहीही म्हणो, ती करंजी आहे. एक प्रकार मांस-भाताचा, एक सफरचंदाच्या मुरंब्याचा. आम्ही सफरचंदाचा घेतला. आकाराने आपल्या चार करंज्यांएवढा. कडा दुमडून दाबलेल्या, कातण्याने कापलेल्या नव्हेत, एवढाच काय तो फरक. दिवाळीत करंज्या उरल्या की हे म्हणतात, "पुरे आता." इथे म्हणाले, "अजून एक घे." कॉफीबरोबर दालचिनीचा गोल पाव मिळतो, त्याचं नाव कोर्वापूस्ती. त्याचा अर्थ कानशिलात बसलेली चपराक. हे यांना सांगितल्यावर इतके हसले की बाकावरचे दोन म्हातारेही किंचित हसले. किंचित म्हणजे एकाची भुवई हलली. युरोतल्या किमती गुणून रुपयांत करायच्या नाहीत, असं लेकीने बजावलं होतं. मी गुणलं. मग पुन्हा गुणलं नाही.

किल्ल्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. ओलाविनलिन्ना बाहेरून बघावा. क्युरोन्साल्मी नावाच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीसारख्या जागेत एका खडकावर तो बसलाय. 1475 मध्ये एरिक अॅक्सेल्सन तोत्त या स्वीडिश राज्याच्या सरदाराने पूर्वेकडून येणाऱ्या रशियनांना अडवायला बांधायला घेतला. तीन गोल बुरुज शिल्लक आहेत. पाणी तिथे इतकं जोरात वाहतं की कडक थंडीतही किल्ल्याभोवती ते पुरतं गोठत नाही, त्यामुळे शत्रूला बर्फावरून चालत येता यायचं नाही. ही अक्कल बघून हे भारावले. "सिंधुदुर्ग याच्याहून जवळजवळ दोनशे वर्षांनी धाकटा," म्हणाले, "पण डोकं तेच."

आत गेल्यावर सगळं बिनसलं. दगडी दालनं, चिंचोळे जिने, तीस जणांचा घोळका आणि गाइडचा आवाज भिंतींवर आपटून चारही बाजूंनी परत येणारा. यांना एक अक्षर कळेना. दुसऱ्या दालनात मान हलवून हे बाहेर चौकात जाऊन बसले. मी ऐकत राहिले, मग बाहेर येऊन सांगितलं. एका मुलीला फितुरीच्या खोट्या संशयावरून भिंतीत चिणली, आणि त्या भिंतीतून रोवनचं झाड उगवलं, फुलं तिच्या निर्दोषपणासारखी पांढरी, फळं रक्तासारखी लाल. आणि एका काळ्या मेंढ्याची गोष्ट: वेढा पडलेला असताना मेंढा तटावर असा काही नाचला की शत्रूला सैतानच वाटला आणि तो पळाला. यांना मेंढा आवडला. मला मुलगी आठवत राहिली. आपल्याकडेही पूल, तट, बुरुज टिकावेत म्हणून बळी दिल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत, आणि चिणली जाते ती कुणाची तरी सूनच.

संध्याकाळी घरमालकिणीने व्हरांड्यात कॉफी दिली. रात्री आठ वाजता कॉफी! ही माणसं झोपतात तरी कधी? यांनी तिला रेल्वेबद्दल विचारलं. ही लाइन कधीची? ती म्हणाली, 1908. आणि मग म्हणाली, तेव्हा ती पारिक्कालाला संपत नव्हती. पुढे एलिसेनवारा जंक्शनला जायची.

यांनी नकाशा काढला. एलिसेनवारा फिनलंडमध्ये सापडेना. तिने बोटाने सीमेच्या पलीकडे दाखवलं. रशियात. युद्धात कारेलियाचा तो सगळा मुलूख गेला, आणि चार लाखांवर माणसं घरंदारं सोडून अलीकडे आली. देशाच्या दर दहा माणसांमागे एकाहून जास्त. तिची आई त्यातली, 1944 मध्ये नऊ वर्षांची होती. मालडब्यातून आली. ह्याच रुळांवरून.

मग ती गप्प बसली. बराच वेळ. एरवी मी अशा वेळी "अरेरे" म्हणते, पाठीवर हात ठेवते, विषय बदलते. हे मधे काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. पाण्यावर काळोख उतरला. कितीतरी वेळाने यांनी हळू आवाजात विचारलं, "गाई-म्हशी?" ती म्हणाली, एक गाय होती, तिला आजोबा चालत घेऊन आले. श्वास आत घेऊन "यो" म्हणाली. नो नीन म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

पूर्वी उन्हाळ्यात सेंट पीटर्सबर्गहून पुष्कळ पाहुणे यायचे तिच्याकडे, असं दुसऱ्या दिवशी बोलता बोलता म्हणाली. 2023च्या अखेरीपासून सीमा बंद आहे. ती याबद्दलही फार बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पुंकाहार्यूला गेलो, त्याच एका डब्याच्या गाडीने परत मागे. हिमयुगाच्या शेवटी वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्याने वाळू-गोटे टाकत केलेला साधारण सात किलोमीटर लांबीचा हा बांध, काही ठिकाणी जेमतेम रस्त्याएवढा रुंद, दोन्ही बाजूंना पाणी, वर उंच पाइन. खोडं वर तांबूस, ऊन पडलं की पेटल्यासारखी. आम्ही तीन किलोमीटर चाललो आणि गुडघ्यांनी मत मांडल्यावर परत फिरलो. वाटेत जमिनीलगत लाल पुओलुक्काची फळं. तिथे कुणाच्याही रानात जाऊन फळं, अळंबी गोळा करायची सर्वांना मुभा आहे, घराच्या अंगणात शिरायचं नाही इतकंच. मी रुमालभर वेचली. कच्ची खाल्ली तर दात आंबतात, पण करवंदं खाऊन वाढलेल्याला त्याचं काय!

नोर्प्पा मात्र दिसला नाही. हा साइमाचा गोड्या पाण्यातला सील. हिमयुगानंतर जमीन वर आली आणि तो समुद्रापासून तुटून इथेच अडकला. आता जगात चारशेच्या वर, सगळे याच सरोवरात. चाळीस वर्षांपूर्वी दोनशेही नव्हते. तो खडकावर ऊन खात पडतो मे-जूनमध्ये, सप्टेंबरात कशाला दर्शन देईल! पण घरमालकिणीने एक सांगितलं ते डोक्यात राहिलं. तो पिल्लं घालतो काठाशी साचलेल्या बर्फाच्या ढिगात, बीळ करून. हल्ली काही हिवाळ्यांत बर्फच पुरेसा पडत नाही. मग गावोगावची माणसं फावडी घेऊन गोठलेल्या सरोवरावर जातात आणि त्याच्यासाठी ढीग रचून ठेवतात. ती पण जाते. "वयाच्या सत्तरीत?" मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.

आता सौना. मी हे शेवटपर्यंत टाळत होते. छप्पन्न लाखांच्या आसपास लोकांच्या या देशात तीस लाखांच्या आसपास सौना आहेत, 2020 मध्ये युनेस्कोने त्यांच्या सौना-संस्कृतीला वारसा म्हणून मान्यता दिली आहे, हे सगळं लेकीने ऐकवलं होतं. पण कपडे काढून बसायचं ते बसायचंच ना! घरमालकिणीने माझा चेहरा ओळखला असावा. म्हणाली, तुम्ही दोघंच जा, कुणी येणार नाही. यांना रक्तदाब आहे म्हटल्यावर वरच्या फळीवर बसू नका, खालच्या बाकावर बसा, आणि जीव घाबरला की बाहेर या, एवढंच. तिने दुपारपासूनच भट्टी पेटवली होती. खोपटीजवळ गेल्यावर जळत्या लाकडाचा वास आला आणि मी थेट मिरजेच्या वाड्यात पोहोचले. परसात तांब्याचा बंब, त्यात ढलप्या घालणारी आजी, डोळ्यांत धूर. दिवाळीच्या पहाटेचा वास आहे तो. कुठल्या कुठे, रशियाच्या सीमेपाशी, मला अभ्यंगस्नानाचा वास आला आणि माझी अर्धी लाज तिथेच गेली. उरलेली टॉवेलने झाकली.

आत अंधार. एक लहान खिडकी, तिच्यातून सरोवर. भट्टीवर दगडांचा ढीग, बाजूला लाकडी बादली आणि डाव. हे म्हणाले, "आता?" मी एक डाव पाणी दगडांवर टाकलं. फस्स् झालं, आणि मग ती वाफ छताला लागून हळूहळू आमच्या मानेवर, खांद्यांवर उतरली. तिला लोयलू म्हणतात. कानांच्या पाळ्या भाजल्या. भूर्जाच्या डहाळ्यांची जुडी पण होती, वास्ता, उन्हाळ्यात बांधून फ्रीझरमध्ये ठेवलेली. तिने अंगावर हलके फटके मारायचे. ओल्या पानांचा इतका सुंदर वास की मी यांना मारण्याऐवजी नुसती हुंगत बसले.

पाच-सात मिनिटं कुणीच बोललं नाही. मग हे म्हणाले, अगदी हळू, "लेक झाली ती रात्र आठवते?"

मला कशी आठवणार, मी मिरजेला दवाखान्यात होते. पण गोष्ट पाठ आहे. घरात शंभरदा सांगून झालेली. हे लोणंदला रात्रपाळीला. बदली माणूस आला नाही म्हणून निघता आलं नाही. पहाटे कंट्रोलच्या फोनवर निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. यांनी विचारलं, काय? त्याने पुन्हा सांगितलं. यांनी पुन्हा विचारलं, काय? तीनदा सांगावं लागलं त्या बिचाऱ्याला. लेक मोठी झाल्यापासून हाच विनोद करते, "माझ्या जन्मापासून बाबा बहिरे." हेसुद्धा हसतात आणि मोठ्याने म्हणतात, "तर काय, गाडीचा आवाज केवढा!"

"तेव्हा गाडी नव्हती स्टेशनात," हे म्हणाले. "टोकनचा गोळा काढून ठेवला होता, पण गाडी यायला वेळ होता. सगळं शांत होतं. मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

मी काही बोलले नाही. दगडांवर आणखी एक डाव पाणी टाकलं.

नंतर मी सरोवरात उतरले. उडी नाही मारली, धक्क्याची शिडी धरून एकेक पायरी. कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली बाई आहे मी, पण हे पाणी तेरा-चौदा अंश होतं. छातीपर्यंत गेले आणि जी किंकाळी फोडली, ती त्या चार दिवसांतली सावोनलिन्नातली सगळ्यात मोठी असावी. यांनी नुसते पाय बुडवले. "ओरडतेस कशाला," म्हणाले, "मला ऐकू येतंय."

चौथ्या दिवशी निघताना घरमालकिणीने पुओलुक्काच्या मुरंब्याची बाटली दिली. मी तिला गूळपापडीचा डबा दिला, लाल तिखटाची पुडी पण दिली आणि मुइक्कूवर कशी भुरभुरवायची ते करून दाखवलं. मिठी मारावी की नाही कळेना. तिनेच हात पुढे केला. एका डब्याची गाडी वेळेवर आली. पारिक्कालाला उतरल्यावर यांनी फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन पूर्वेकडे जाणाऱ्या रुळांकडे बघितलं. मोठी गाडी यायला अकरा मिनिटं होती, ती त्यांनी तिथेच काढली.

लेक स्टेशनवर घ्यायला आली होती. हातात चार्जर. सवयीप्रमाणे लांबूनच ओरडली, "बाबा! कसं होतं?"

"ओरडू नकोस," हे म्हणाले. "येतं ऐकू."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. ती जवळ येऊन नेहमीच्या आवाजात काहीतरी सांगायला लागली, तेवढ्यात शेजारून बस गेली, मागे दुसरी, आणि वरून पुलावरून गाडी.

"काय?" हे म्हणाले.